बारा मिनिटांच्या पेपरसाठी एक टन कार्बन

गेल्या महिन्यात आमच्या स्टाफरूममध्ये एक पीएच.डी. करणारी मुलगी मोबाइल हातात धरून आली. जत तालुक्यातली आहे, खारवटलेल्या जमिनींवर काम करते. युरोपातल्या एका परिषदेनं तिचा पेपर स्वीकारला होता. आम्हाला वाटलं पेढे आणले असतील, पण चेहरा तोंडी परीक्षेला आल्यासारखा. "सर, या फॉर्मात विचारलंय, तुमच्या प्रवासाचं कार्बन उत्सर्जन किती. हे काढायचं कुठून? आणि आकडा जास्त आला तर पेपर नाकारतील का?"

"आता विमानात बसायच्या आधी झाडं मोजायची काय?" भौतिकशास्त्राचे सर म्हणाले. सगळे हसले, ती सोडून.

पेपर कोणी नाकारत नाही, हे तिला तिथंच सांगितलं. पण बाकीचं नीट सांगता येईना. मी स्वतः अशा दोन-तीन परिषदांना जाऊन आलोय. एकदा तर मुंबईहून रात्रीचं विमान पकडून गेलो, बारा मिनिटं बोललो, तेराव्या मिनिटाला अध्यक्षांनी घंटी वाजवली, आणि चौथ्या दिवशी सांगली स्टँडवर उतरून रिक्षावाल्याशी घासाघीस केली. त्या बारा मिनिटांचा हिशेब मला कोणी विचारला नव्हता. तो आता विचारला जातोय. जगभरातली विद्यापीठं आपल्या प्राध्यापकांच्या विमानफेऱ्या मोजायला लागली आहेत, आणि ही लाट फॉर्मांच्या रूपानं आपल्याकडेही पोचली आहे. म्हणून तिच्यासाठी जे जमवलं, ते इथं लिहितो.

एक किलो इंधन, तीन किलो वायू

आधी शब्द. 'कार्बन उत्सर्जन' म्हणजे हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड. बोलताना सगळे नुसतं 'कार्बन' म्हणतात, मीही तसंच म्हणेन.

विमानाचं इंधन म्हणजे चांगलं शुद्ध केलेलं रॉकेलच. ते एक किलो जळलं की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. इथं पहिला गोंधळ उडतो. एका किलोतून तीन किलो कसे? वाटीभर तांदळाचा पातेलंभर भात होतो तसं. भाताचं वाढीव वजन तांदळातलं नसतं, ते पाण्याचं असतं. इथं वाढीव वजन हवेतल्या ऑक्सिजनचं असतं. इंधनातला कार्बनचा एक अणू ऑक्सिजनचे दोन अणू सोबत घेऊन बाहेर पडतो, आणि ते दोन त्याच्यापेक्षा जड असतात.

आता माणशी हिशेब. भरलेल्या विमानात साध्या वर्गातला प्रवासी किलोमीटरमागे ढोबळमानानं ८० ते १०० ग्रॅम कार्बनचा धनी होतो. आकडा किरकोळ वाटतो. मोटारीत एकट्यानं गेलात तर याहून जास्तच होईल. गोम आहे ती किलोमीटरमध्ये. मोटारीनं कोणी एका दिवसात सात हजार किलोमीटर जात नाही. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, जाऊन-येऊन १४,४००. म्हणजे कुठला हिशेब धरता त्यानुसार एक ते दीड टन. आपण एक टन धरू.

एक टन म्हणजे किती? एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन निघतो, म्हणजे एका टनाला साधारण ४३५ लिटर पेट्रोल. लिटरला पन्नास किलोमीटर देणाऱ्या गाडीवर तुम्ही मिरजेहून विश्रामबागला ये-जा करता, इकडची-तिकडची कामं धरून रोज वीस किलोमीटर, वर्षाचे अडीचशे दिवस. तर तुमची सव्वाचार वर्षांची गाडी त्या एका परिषदेत जळाली. आणखी एक माप सांगतो. भारतात माणशी वर्षाचं सरासरी उत्सर्जन सुमारे दोन टन आहे. त्यात त्या माणसाच्या वाट्याची वीज, सिमेंट, लोखंड, प्रवास, सगळं आलं. चार दिवसांच्या एका फेरीत त्याचं निम्मं संपतं.

एकाच प्रवासाची तीन उत्तरं का येतात

त्या मुलीनं इंटरनेटवर तीन ठिकाणी आकडे टाकले आणि तीन वेगळी उत्तरं आली. तिला वाटलं आपलंच चुकलं. तिचं चुकलं नव्हतं.

पहिला फरक मालाचा. विमानाच्या पोटात सामान आणि टपालही असतं. त्याच्या वाट्याचं इंधन वेगळं काढलं तर प्रवाशाचा आकडा उतरतो, नाही काढलं तर चढतो. दुसरा फरक खुर्चीचा. बिझनेस क्लासची एक खुर्ची साध्या वर्गाच्या अडीच-तीन खुर्च्यांची जागा खाते, म्हणून तिचा वाटाही तितका. एसटीत पाय पसरून तीन सीट अडवणाऱ्याकडून तीन तिकिटं घेतल्यासारखं. तिसरा फरक अंतराचा. उड्डाण करून उंची गाठताना इंधन सर्वांत जास्त जळतं. खंबाटकी घाट चढणाऱ्या एसटीचा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला हे सांगायला नको. छोट्या प्रवासात घाटच जास्त आणि सपाट रस्ता कमी, म्हणून किलोमीटरमागचा आकडा वाढतो.

चौथा फरक सर्वांत मोठा, आणि त्यावर शास्त्रज्ञांचं काम अजून चालूच आहे. जेट विमानामागं आकाशात पांढरी रेघ उमटते, ती आपण गच्चीवरून पाहतो. तो धूर नव्हे. इंजिनातून निघालेली वाफ थंडगार हवेत काजळीच्या कणांभोवती गोठते आणि बर्फाचे बारीक स्फटिक होतात. हवा कोरडी असली तर रेघ मिनिटभरात विरते. थंड आणि दमट असली तर ती पसरते आणि तासन् तास टिकते, पातळ ढगासारखी.

या ढगाचं काय होतं ते आपल्याकडच्या बागायतदाराला विचारा. तासगाव-कवठेमहांकाळकडं जानेवारीत रात्री आभाळ निरभ्र असलं की पहाटे थंडी मी म्हणते. आभाळ धरलेलं असलं की तितका गारठा पडत नाही. ढग जमिनीची ऊब वर जाऊ देत नाहीत. विमानांच्या रेघांची गोधडी तेच करते, आणि रात्री जास्त, कारण रात्री ऊन परतवण्याचं तिचं काम बंद असतं. म्हणून असं आहे की, माणसानं सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानवाहतुकीचा वाटा सुमारे अडीच टक्के, पण गोधडी आणि इतर परिणाम धरले तर तापमानवाढीतला वाटा सुमारे साडेतीन टक्के. काही गणकयंत्रं ही गोधडी धरतात, काही सोडून देतात. फॉर्म भरताना कोणतं वापरलं ते खाली लिहावं, एवढंच. आकडा मापात आहे की नाही याची फार काळजी नको. एक टन की दीड टन, यानं निर्णय बदलत नाही.

ग्रीन ऑडिटच्या फाइलीत काय नसतं

नॅक, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था, तिच्या निकषांसाठी महाविद्यालयं ग्रीन ऑडिट, म्हणजे पर्यावरणाची तपासणी, करून घेतात. मी त्या समितीवर बसलोय. झाडं मोजली, प्रत्येकाला नाव आणि नंबर दिला, गच्चीवरच्या सौर पॅनलचे फोटो काढले, जुन्या ट्यूब काढून एलईडी लावल्याची बिलं लावली. चांगलंच काम आहे. आता हिशेब बघा. चाळीस वॅटची ट्यूब काढून वीस वॅटची एलईडी लावली, ती रोज आठ तास, वर्षाला अडीचशे दिवस चालली, तर चाळीस युनिट वीज वाचते. आपल्याकडच्या विजेच्या एका युनिटामागं सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन निघतो. म्हणजे एका ट्यूबमागं वर्षाला अठ्ठावीस-एकोणतीस किलो वाचले. लंडनच्या एका फेरीचा एक टन भरून काढायला अशा पस्तीस ट्यूबची वर्षभराची बचत लागते. एका मजल्याचं वर्षभराचं पुण्य एका माणसाच्या बारा मिनिटांत खर्च.

फाइलीत ती फेरी का नाही, याचं कारण हिशेबाच्या पद्धतीत आहे. संस्थेचं उत्सर्जन तीन खान्यांत मांडतात. पहिला खाना स्वतःच्या आवारात जळलेल्या इंधनाचा, म्हणजे जनरेटर, कॉलेजची बस, कँटीनचा गॅस. दुसरा विकत घेतलेल्या विजेचा. तिसरा संस्थेच्या कामापायी दुसऱ्याच्या दारात जे जळलं त्याचा. पहिले दोन घरातल्या गॅस सिलिंडर आणि लाइटबिलासारखे, त्यांची पावती येते. तिसरा उधारीच्या वहीसारखा, कोणी मागितल्याशिवाय उघडत नाही. विमानप्रवास तिसऱ्यात येतो.

सात गुणांचं विमान

प्राध्यापक विमानात बसतो त्यामागं हौस असते, नाकारत नाही. आमच्या पिढीत परदेश पाहिलेला माणूस म्हणजे गावात बोर्ड लागायचा. पण हौस एकटी इतकी विमानं भरत नाही. नियम भरतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली उघडा. प्राध्यापकांच्या संशोधनाचे गुण मोजण्याचा तक्ता आहे, त्यात व्याख्यान किंवा पेपर सादर करण्याची ओळ आहे. परदेशात झालेली आंतरराष्ट्रीय परिषद, ७ गुण. आंतरराष्ट्रीय पण भारतात झालेली, ५ गुण. राष्ट्रीय, ३. राज्य किंवा विद्यापीठ पातळीवरची, २. पेपर तोच, पानं तीच, ऐकणारेही कधी कधी तेच. विमान समुद्र ओलांडून गेलं की गुण वाढतात. यात गुण कशाला मिळाले, पेपरला की पासपोर्टला?

यातून आपल्याकडं एक धंदाही उभा राहिला. पर्यटनाच्या शहरात हॉटेलचा हॉल, दारात 'इंटरनॅशनल कॉन्फरन्स'चा फ्लेक्स, दुपारी तीनपर्यंत पेपर आणि तीननंतर साइटसीइंग. माझ्या ओळखीचे एक जण अशा परिषदेत बोलायला उभे राहिले तेव्हा समोर सात माणसं होती, त्यातली पाच महाराष्ट्रातली. तिथं भेटलेल्या एका प्राध्यापकांचं कॉलेज ह्यांच्या घरापासून तीस किलोमीटरवर.

अंतराला मान देण्याची ही सवय फक्त आपली नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी आपल्याच प्राध्यापकांच्या विमानफेऱ्या तपासल्या. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जास्त उडणाऱ्यांचं संशोधन जास्त दर्जेदार निघतं का? प्रकाशनं आणि त्यांना मिळालेले संदर्भ यांवरून जे मोजमाप काढतात, त्याचा आणि विमानफेऱ्यांचा संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो पगाराशी. जास्त उडणाऱ्यांचा पगार जास्त. पगार जास्त म्हणून उडतात की उडतात म्हणून पगार वाढतो, ते एका अभ्यासावरून सांगता येत नाही. आणखी एक बोचणारी गोष्ट त्यात होती: पर्यावरण आणि शाश्वततेवर काम करणारे प्राध्यापक इतरांपेक्षा कमी उडत नव्हते. पुढं २०२० मध्ये आलेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत तर हवामानबदलाचे प्राध्यापक बाकीच्यांपेक्षा जास्तच उडतात असं दिसलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

सगळे सारखे उडत नाहीत

हा भाग नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा न्याय यावर उभा आहे. २०१८ साली जगातल्या शंभर माणसांपैकी साधारण अकरा जणांनी विमानप्रवास केला, आणि देशाबाहेर उडालेले फार तर चार. प्रवासी विमानांच्या उत्सर्जनापैकी निम्म्याला जगातले वरचे एक टक्का लोक कारणीभूत आहेत असा अंदाज आहे. म्हणजे हे ओझं कोट्यवधी लोकांनी चिमूट-चिमूट उचललेलं नाही. थोड्यांनी पोत्यानं उचललंय.

एका परिषदेचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला भूविज्ञानाची मोठी वार्षिक परिषद झाली. सुमारे २८,००० लोक आले. सगळ्यांच्या प्रवासाची बेरीज केली तर २८ कोटी ५० लाख किलोमीटर. पृथ्वी ते सूर्य अंतर १५ कोटी, म्हणजे जवळपास सूर्याला जाऊन परत. उत्सर्जन सुमारे ८०,००० टन, माणशी तीन टनांच्या आसपास. पुढच्या वर्षी काही संशोधकांनी हिशेब मांडला. परिषद देशाच्या मध्याकडं, शिकागोला घेतली असती तर १२ टक्के वाचले असते. पण ज्यांचा प्रवास सर्वांत लांबचा होता असे साधारण छत्तीस टक्के लोक ऑनलाइन आले असते, तर उत्सर्जन सुमारे तीन-चतुर्थांशानं उतरलं असतं.

हे वाचून मला आधी आनंद झाला आणि मग पोटात गोळा आला. सर्वांत लांबून येणारे म्हणजे कोण? त्या परिषदेसाठी आपणच. हा नियम डोळे झाकून लावला तर पंचाहत्तर टक्के कार्बन वाचेल, आणि सभागृहात फक्त यजमान देशाचे लोक उरतील. जतची मुलगी कायम पडद्यावरच्या चौकोनात, आवाज तुटत असलेली.

मग वाचवायचं कसं

परदेशी विद्यापीठांनी निरनिराळे उपाय केले. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठानं शहरांची यादी केली. रेल्वेनं किंवा बसनं सहा तासांच्या आत पोचता येतं तिथं विमान नाही. झुरिकच्या ईटीएच संस्थेनं २०१६ ते २०१८ ची सरासरी धरून २०२५ पर्यंत माणशी विमान-उत्सर्जन ११ टक्के उतरवायचं ठरवलं. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलएनं २०१८ पासून प्रत्येक देशांतर्गत फेरीवर ९ डॉलर आणि परदेशी फेरीवर २५ डॉलर आकारून तो पैसा आवारातलं उत्सर्जन कमी करायच्या कामांना लावला. रकमा बारीक आहेत, कोणी त्यापायी घरी थांबत नसेल. पण पैसे भरताना आकडा समोर येतो, त्याचा उपयोग होतो.

यातलं गेंटचं आपल्याला लागू पडतं. आपले प्राध्यापक परदेशी क्वचित आणि दिल्ली-बंगळुरूला वारंवार जातात. निवड समित्या, अभ्यासमंडळं, प्रकल्पाचे आढावे, पीएच.डी.च्या तोंडी परीक्षा. पुणे-दिल्ली विमानाची जाऊन-येऊन फेरी माणशी सव्वादोनशे-अडीचशे किलोची. गोवा एक्सप्रेसनं रात्री सांगलीत किंवा साताऱ्यात बसलं की तिसऱ्या दिवशी सकाळी निजामुद्दीनला उतरायचं. अंतर विमानापेक्षा बरंच जास्त, तरी रेल्वेचा आकडा किलोमीटरमागे दहाएक ग्रॅमचा असल्यानं सगळा प्रवास पस्तीस-चाळीस किलोंत होतो.

पण खरं बोलू. एका तासाच्या बैठकीसाठी जाऊन-येऊन तीन दिवस गाडीत, आणि वर रजेचा अर्ज! कोण जाईल? मी नाही गेलो. रेल्वे तेव्हाच चालेल जेव्हा प्रवासाचे दिवस कामाचे धरले जातील आणि एका खेपेत तीन कामं जोडली जातील. आणि एका तासाची बैठक असेल तर ती मुळात ऑनलाइनच घ्यावी. कोविडनंतर पीएच.डी.ची तोंडी परीक्षा ऑनलाइन घेण्याची मुभा आहे. तरी बाहेरचा परीक्षक विमानानं आणायचा, हॉटेलात ठेवायचा, शाल-श्रीफळ द्यायचं ही पद्धत सुटत नाही. शाल कुरिअरनंही जाते.

मला सर्वांत आवडलेला उपाय म्हणजे एक परिषद अनेक गावांत भरवणं. २०१८ मध्ये संगीताचं आकलन या विषयावरची एक जागतिक परिषद एकाच वेळी चार ठिकाणी झाली: ऑस्ट्रियातलं ग्राझ, कॅनडातलं मॉन्ट्रियल, अर्जेंटिनातलं ला प्लाटा आणि ऑस्ट्रेलियातलं सिडनी. प्रत्येकानं जवळचं ठिकाण गाठलं. तिथं चहा प्यायला खरी माणसं होती, आणि दुसऱ्या खंडातली भाषणं पडद्यावर. असं एक केंद्र साताऱ्यात का नसावं? आपल्याकडून तिथं जायला वंदे भारत आहे, एसटी तर आहेच. पुणे, कोल्हापूर, सोलापूरची पोरं सकाळी निघून पोचतील. शंभर जणांना जे विमानानं परवडलं नसतं, ते एका हॉलमध्ये होईल.

"विमान तर जाणारच आहे ना?"

हा आक्षेप हमखास येतो. मी नाही बसलो तरी विमान सुटणारच, मग माझ्यामुळं काय वाचलं?

त्या दिवशीचं विमान सुटणारच, बरोबर आहे. पण मुक्कामी एसटी आठवा. एक दिवस रिकामी आली तर डेपो काही करत नाही. महिनाभर दोन-चार प्रवासी घेऊन आली की फेरी बंद होते, मग गावकरी निवेदन घेऊन जातात. विमान कंपनी डेपोपेक्षा जास्त बारकाईनं सीटा मोजते. आणि उलटही खरं: मागणी वाढली की फेऱ्या वाढतात.

"झाडं लावली की फिटलं"

याला कार्बन-भरपाई म्हणतात. तिकिटावर थोडे पैसे जास्त भरायचे, त्यातून कुठंतरी झाडं लागतात किंवा सुधारित चुली वाटल्या जातात, आणि आपला आकडा शून्य झाला असं समजायचं. मोठं झालेलं झाड वर्षाला वीसेक किलो कार्बन शोषतं असा ढोबळ आकडा धरतात. म्हणजे एका टनासाठी एका झाडानं पन्नास वर्षं उभं राहिलं पाहिजे. विमानातला टन आज हवेत गेला, त्यातला बराच भाग शतकानुशतकं तिथं राहील. झाडाचं पुढचं पन्नास वर्षांचं वचन कोण देणार? दरवर्षी त्याच खड्ड्यात वृक्षारोपण करणाऱ्या आपल्या लोकांना यावर वेगळं काही सांगायला नको. झाडं लावावीत, पण विमानाच्या पावतीला टाचणी लावून नव्हे.

"उसावर विमान उडेल की!"

हा प्रश्न आमच्याच भागात विचारला जाणार, आणि तो चुकीचा नाही. वनस्पती किंवा कचऱ्यापासून केलेल्या विमान-इंधनाला शाश्वत इंधन म्हणतात. इथेनॉलपासूनही ते बनवता येतं. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका प्रवासी विमानात देशी कच्च्या मालापासून केलेलं असं इंधन थोड्या प्रमाणात मिसळलं होतं. आंतरराष्ट्रीय विमानांच्या इंधनात २०२७ मध्ये १ टक्का आणि २०२८ मध्ये २ टक्के मिसळायचं भारताचं उद्दिष्ट आहे. कृष्णाकाठच्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांना हे ऐकून बरं वाटणार.

पण १ टक्का म्हणजे उरलेले ९९ टक्के रॉकेलच. जगभरातही या इंधनाचा वाटा अजून एक टक्क्याच्या आत आहे. तेच इथेनॉल आज पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं, म्हणजे मोटारसायकल आणि विमान एकाच टाकीला तोंड लावणार. आणि उसाला पाणी लागतं. जतच्या मुलीची जमीन ज्यानं खारवटली, त्यात पाटाच्या अति पाण्याचा हात मोठा असतो, हे ती स्वतःच्या पेपरात लिहिते आहे. बॅटरीचं विचाराल तर एक किलो विमान-इंधनात जेवढी ऊर्जा मावते तेवढी साठवायला आजच्या बॅटऱ्या चाळीस-पन्नास किलो लागतात. चार-दोन माणसांचं छोटं विमान जमेल. लंडन नाही.

"खरं काम चहाच्या वेळेला होतं"

हे मान्य. माझा सर्वांत उपयोगी पत्रव्यवहार एका परिषदेतल्या कॉफीच्या रांगेत सुरू झाला, भाषणातून नाही. पडद्यावर रांग लागत नाही. शिवाय कॅलिफोर्नियात डिसेंबरमध्ये सकाळी नऊला सत्र सुरू झालं की सांगलीत रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. घरातले झोपलेले, आपण शर्ट वर इस्त्रीचा आणि खाली लुंगी.

पण दुसरी बाजूही आहे. व्हिसाच्या फेऱ्या, परत न मिळणारी फी, बँकेचं स्टेटमेंट, लहान मूल, आजारी सासू. यांच्यामुळं ज्या कधीच गेल्या नाहीत अशा कितीतरी प्राध्यापिका कोविडच्या काळात पहिल्यांदा जागतिक परिषदेत बोलल्या. आणि ऑनलाइनलाही वीज लागते, असं म्हणणाऱ्यांसाठी: व्हिडिओ कॉलचा अगदी चढा अंदाज घेऊन तासाला एक किलो धरा. रोज आठ तास, तीन दिवस, झाले चोवीस किलो. समोर एक टन आहे.

"सगळं करून ठेवलं त्यांनी, आणि आपण का थांबायचं?"

भौतिकशास्त्राच्या सरांचा मूळ मुद्दा हाच होता, आणि तो मला पटतो. ज्यांनी चाळीस वर्षं उडून घेतलं त्यांनी आता आपल्याला फॉर्म पाठवावा, यात काहीतरी खुपतंच. झळ मात्र आपल्यालाही लागते. तापलेली हवा जास्त बाष्प धरते, प्रत्येक अंशाला सुमारे ७ टक्के, आणि ते पावसात उतरतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ असताना. एका पुराचं खापर एकट्या कार्बनवर फोडता येत नाही, धरणांचा विसर्ग आणि पूररेषेतली बांधकामं आहेतच. पण पावसाला जोर चढतोय, त्यात आपली चूक सर्वांत कमी होती.

म्हणून माझं म्हणणं असं की सरसकट बंदी नको, फेऱ्या मोजा. ज्याची पहिली फेरी आहे त्याला जाऊ द्या, तिकीटही द्या. ज्याची दहावी आहे त्याला विचारा. आणि नियमावलीतल्या त्या ७ आणि ५ मधला फरक काढून टाका. ऑनलाइन वाचलेल्या पेपरला तेवढेच गुण द्या. एवढं केलं की निम्मी विमानं आपोआप रिकामी होतील असं मी म्हणत नाही, पण हॉटेलातल्या फ्लेक्सवाल्या परिषदा मात्र नक्की ओस पडतील.

त्या मुलीनं फॉर्म भरला. विमान, साधा वर्ग, एक टन, पहिलाच परदेश प्रवास. त्याच खेपेत तिथल्या एका प्रयोगशाळेत पंधरा दिवस काम करायचं तिनं ठरवलंय, म्हणजे परत जावं लागणार नाही. त्याच संध्याकाळी आम्ही विभागाची जुनी प्रवासभत्त्याची रजिस्टरं काढून गेल्या पाच वर्षांच्या विमानफेऱ्या एका कागदावर लिहिल्या. निम्म्याहून जास्त दोघांच्याच नावावर निघाल्या. भौतिकशास्त्राचे सर त्यात कुठंच नव्हते. त्या दोघांतला एक मी.